उजव्या खिळ्यावरचा पंप

सालमेलाचं तळं, उत्तर मिनेसोटा
शनिवार, १० ऑगस्ट १९७४

प्रिय लेम्पीताई,

पत्ता वाचून चष्मा पुसू नकोस, बरोबरच वाचलायस. मी तौनोच्या तळ्यावर आहे. तुझ्या एके काळच्या नवऱ्याच्या घरात, त्याच्याच टेबलापाशी बसून, त्याच्याच पेन्सिलीनं लिहितोय. माझी प्रकृती ठीक. गुडघा होता तसाच आहे. तू पाठवलेली संत्र्यांची पेटी जुलैत मिळाली. वरची चार सडली होती, बाकीची गोड निघाली. चर्चचा तो कागदही मिळाला, त्याचं मी विसरलेलो नाही.

तर झालं असं. परवा गुरुवारी आमच्या मालकाचं, गॉर्डीचं, विमान घेऊन मी उत्तरेच्या मासेमारीच्या तळावर सामान पोचवून रिकामा परत येत होतो. वाटेत तेलाच्या दाबाचा काटा खाली यायला लागला. आमच्या धंद्यात अशा वेळी एकच शहाणपण असतं, दिसेल त्या पाण्यावर उतरायचं. मला दिसलं ते हे पाणी. पश्चिमेचा छान वारा होता, लाटा बोटभर, अलगद उतरलो. पूर्वेकडच्या झाडांवरूनच यावं लागलं. खाली पाहिलं नाही.

तौनो धक्क्यावर येऊन उभा होता. अकरा वर्षांत एक अक्षर बोललो नव्हतो आम्ही. पहिलं वाक्य काय बोलला असेल?

"पाटी वाचता येत नाही का?"

धक्क्याशेजारी त्यानं हातभर अक्षरात पाटी लावलीय: 'खाजगी तळं. विमानांना मनाई.'

"वरून उलटी दिसते," मी म्हटलं.

"हं."

"तेलाचा दाब गेला. नाइलाज झाला."

"हं." मग बराच वेळ माझ्याकडे, विमानाकडे, परत माझ्याकडे पाहून, "कॉफी घेशील?"

आपल्या फिनिश लोकांत याच्यापुढे स्वागत नसतं हे तुला सांगायला नको. आत गेलो. त्यानं वेलदोड्याचा पाव कापला. स्वतः भाजतो आता, तुझ्याइतका फुगत नाही, पण वाईटही नाही. मी मनात ठरवलं होतं की दोन कप कॉफी प्यायची, दोन शब्द बोलायचे आणि वारा आहे तोवर उडायचं. तो माझ्यासमोर बसला, मी त्याच्यासमोर बसलो. खिडकीतून धक्का दिसत होता. दुसरा कप झाला, तिसरा झाला, आणि बाहेर पाहतो तर वारा मेलेला. तळं ताटात ओतलेल्या दुधासारखं. तेव्हापासून एक पान हललेलं नाही.

तुला विमानांचा राग, पण वीस वर्षं धक्क्याजवळ राहिलीस, एवढं तुला कळतं: उतरायला पाणी थोडं पुरतं, उडायला जास्त लागतं. हे पहिल्या दिवशी पोरांना शिकवतात आणि एकसष्टाव्या वर्षी मी विसरतो. तळं जेमतेम दोन हजार फूट. पाणी असं गुळगुळीत असलं की ते विमानाच्या पायांखालच्या फ्लोटना चिकटून बसतं, सोडत नाही, त्यात ऑगस्टची ही तापलेली पातळ हवा. पश्चिमेला कडा आहे, त्यावर उंच पाइन, समोरून वारा असेल तरच त्यांच्यावरून जाता येतं. वारा नसेल तर पूर्वेकडूनच जायचं, तिकडचे स्प्रूस जरा खुजे आहेत. पूर्वेकडून मी जाणार नाही. का, ते तुला ठाऊक आहे.

म्हणून बसलोय. तौनोनं रस्त्यापर्यंत चार मैल चालत जाऊन, तिथली आपली गाडी काढून गॉर्डीला फोन केला, म्हणजे मला शोधायला कुणी निघणार नाही. गॉर्डी खो खो हसला म्हणे. इथं बॅटरीवरचा रेडिओ आहे. काल देशाचे अध्यक्ष राजीनामा देऊन विमानात बसून घरी गेले, ते आम्ही दोघांनी ऐकलं. त्यांना जाता आलं. माझं विमान समोर दोराला बांधलेलं आणि मी ब्लूबेरी खात बसलोय.

धक्क्याच्या खांबाला तौनोनं अजूनही दोन खिळे ठोकलेत, आपल्या जुन्या धक्क्यावर होते तसेच. विमान नाही तरी. असो.

आज शनिवार, तो सौना तापवतोय. वाफेला मला बोलावतो की नाही बघू.

सोमवारपर्यंत वारा सुटेलच. त्यानंतर चर्चच्या कागदाचं बघतो.

तुझा धाकटा,
रेइनो


मंगळवार, १३ ऑगस्ट

प्रिय लेम्पीताई,

अजून इथंच. आधीचं पत्र तौनोनं पेटीत टाकलं, तुला हे त्याच्या पाठोपाठ मिळेल.

शनिवारी सौनाला बोलावलं त्यानं. पहिल्या वाफेला, पाहुण्याला बोलवावं तसं. अंधारात दोन म्हातारे उघडे बसलो, तो दगडांवर पाणी ओतत होता आणि मी पायांकडे बघत होतो. सौनात भांडायचं नाही हे आईनं शिकवलं होतं. न भांडता गप्प कसं बसायचं ते मी आपण होऊन शिकलो. बाहेर येऊन पायऱ्यांवर बसल्यावर तो म्हणाला, "ती अजून कॉफीत साखर घालते का?"

"तीन चमचे," मी म्हटलं.

"डॉक्टरनं नको म्हटलंय ना?"

त्याला हे कुठून कळलं कोण जाणे. मी विचारलं नाही.

रविवारी त्यानं इंजिनाचं झाकण उघडलं. आम्ही दोघं मिळून धंदा करायचो तेव्हाही इंजिन तोच बघायचा, माझा हात लागला की ओरडायचा. दोन तास खुडबुड करून, चिंधीला हात पुसत म्हणाला, "इंजिन तुझ्यापेक्षा ठणठणीत आहे."

"काटाच बिघडला असेल मग."

"काटाही बघितला."

मी म्हटलं, बरं झालं, मग वारा आला की निघतो. तर गड्यानं आतून एक पुस्तिका आणली. राज्याच्या पाण्यावर विमानांनी कसं वागायचं त्याची, पेन्सिलीच्या खुणांनी भरलेली. नाकावर चष्मा ठेवून वाचायला लागला, चर्चमध्ये वाचतात तसं. सार्वजनिक पाणी असेल तर कुणीही उतरावं. भोवतालची सगळी जमीन एकाची असेल आणि लोकांना यायला वाट नसेल, तर मालकाला विचारून. संकट आलं तर न विचारता.

"मग झालं तर," मी म्हटलं. "संकट आलं, न विचारता उतरलो."

"उतरलास. उडायला संकट नाही. उडायला मला विचारावं लागेल."

"विचारतो. उडू का?"

"संकट काय होतं ते सांग, मग बघू."

मी हसलो. तो हसला नाही. म्हणाला, "पायवाट आहे. गाडी रस्त्यावर उभी आहे. कधीही सांग, गॉर्डीकडे सोडतो. विमान मात्र राहील."

आता चार मैल माझ्या गुडघ्याला जमणार नाहीत हे खरं. पण थांबत थांबत गेलो असतो, जमलं असतं. गुडघ्याचं कारण मी त्याला दिलं, तुला देत नाही.

काल संध्याकाळी जराशी झुळूक आली. पश्चिमेकडून, पाण्यावर सुरकुत्या उठण्यापुरती. मी धावत विमानात जाऊन बसलो, आणि बघतो तर तळ्याच्या ऐन मध्यावर आपली होडी उभी करून हा गळ टाकून बसलेला. मी हात हलवले. त्यानं टोपी काढून नमस्कार केला. पाण्यावर असेपर्यंत विमानही होडीच असतं आणि सगळ्या होड्यांत त्याचा नंबर शेवटचा. वल्ह्याच्या होडीलाही वाट द्यायची, पोहणाऱ्या पोरालाही द्यायची. हा नियम मीच तुझ्या डेलला शिकवला होता. म्हणून बसून राहिलो. झुळूक गेली. तौनो दोन वॉलाय मासे घेऊन परत आला आणि मला म्हणाला, "साफ कर."

माणूस असा कोंडून घातला की डोळे सगळीकडे जातात. त्याच्या घरात स्टोव्हमागच्या भिंतीवर पेन्सिलीनं आकडे लिहिलेत. एकाखाली एक, दहा ओळी. प्रत्येक ओळीत वर्ष आणि पुढे एकच आकडा, दोन हजार चाळीस. मला वाटलं हवामानाचं काहीतरी असेल. मासे तळताना विचारलं.

"तळं," तो म्हणाला. "बर्फ जमलं की टेप घेऊन जातो. या टोकापासून त्या टोकापर्यंत."

"दर हिवाळ्यात?"

"हं."

"तळं काय वाढणार आहे का?"

तो मासे उलटत राहिला. मग पाठमोराच बोलला. ताई, अकरा वर्षांपूर्वीही हा माणूस एका दमात इतकं बोलत नव्हता. म्हणाला, "पोराला पाठवायच्या आधी मी स्वतः तीनदा इथं आलो होतो. मोजलं होतं. लाकडं उतरवल्यावर विमान रिकामं. पूर्वेचा वारा होता, थोडा का होईना. थंड सकाळ. चारशे फूट शिल्लक राहायला हवे होते त्याला. मग मला वाटलं, मोजताना चुकलो असेन. म्हणून हे तळं विकत घेतलं. दरवर्षी मोजतो. तेवढंच भरतं. कुठं चुकलो ते कळत नाही."

मासा करपला. करपलेलाच खाल्ला आम्ही.

तळ्याच्या पूर्वेला तीन स्प्रूसचे शेंडे तेव्हा मोडले होते. ते त्यानं तोडले नाहीत. बाजूच्या फांद्या वर वळून आता त्यांचेच नवे शेंडे झालेत. जेवायच्या टेबलावरून दिसतात.

कागदाबद्दल. तू जूनमध्ये लिहिलंस की डेलच्या कबरीच्या एका बाजूची तुझी जागा सोडायची, दुसऱ्या बाजूला तौनो येणार म्हणून. मी इथला नातेवाईक, तेव्हा माझी सही लागते, सप्टेंबरच्या आत. 'ज्यानं माझ्या पोराला त्या डबक्यावर पाठवलं त्याच्या शेजारी मला माती नको, मी फ्लोरिडातच बरी,' असं तू लिहिलंस. कागद माझ्या कोटाच्या आतल्या खिशात आहे. इथं येतानाही होता. सही केलेली नाही.

गेली अकरा वर्षं तू प्रत्येक पत्रात तौनोला दोष दिलास, आणि मी प्रत्येक उत्तरात हवापाण्याचं लिहिलं. आजही तेच करतोय. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, ही माझी जुनी खोड.

हवा स्वच्छ. वारा नाही.

तुझा अडकलेला,
रेइनो


शुक्रवार, १६ ऑगस्ट, सकाळ

लेम्पीताई,

हे पत्र बसून वाच. शेजारच्या मिसेस हिल आल्या असतील तर त्यांना घरी जाऊ दे.

आधी मागच्या पत्रांतला खोटेपणा खोडतो. तेलाचा काटा खाली आलाच नव्हता. माझी प्रकृती ठीक नाही. एप्रिलमध्ये वैमानिकांना तपासणाऱ्या डॉक्टरनं छातीला तारा लावून बघितलं आणि मान हलवली. माझं उडायचं प्रमाणपत्र या महिनाअखेर संपतं आणि पुन्हा मिळणार नाही. म्हणजे गुरुवारची फेरी माझी शेवटची होती. परत येताना वाट वाकडी करून मी मुद्दाम इथं उतरलो. खिशात तुझा कागद होता. तौनोला एक गोष्ट सांगायची आणि लगेच उडून जायचं, असा माझा बेत होता. इंजिन बंद करायलाच नको असं मनात होतं. इतका शूर आहे तुझा भाऊ. पण त्यानं कॉफी विचारली. वारा होता तोवर बोललो असतो तर त्याच दिवशी सुटलो असतो. बोललो नाही, आणि वारा थांबला.

ती गोष्ट मी परवा, बुधवारी दुपारी त्याला सांगितली. आता तुला सांगतो.

आपल्या धक्क्यावरची रीत तुला आठवत असेल. सकाळी जो पहिला येईल त्यानं फ्लोटमधलं पाणी उपसायचं. फ्लोट कितीही चांगला असो, रात्रभरात थोडं पाणी झिरपतंच. प्रत्येक कप्प्याच्या भोकात हातपंप घालायचा, हवा ओढेपर्यंत मारायचा, दट्टे मोजायचे. झालं की पंप उजव्या खिळ्यावर टांगायचा. डाव्या खिळ्यावर असेल तर पाणी काढायचं राहिलंय. बाकी काही बोलायचं नाही, लिहायचं नाही. तौनो, मी आणि डेल, तिघांचा त्या खिळ्यावर भरवसा होता.

त्रेसष्टच्या सप्टेंबरात, डेल गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी मी विमान खडकाळ काठाला लावताना उजवा फ्लोट एका दगडाला घासला. थाळीवर चमचा ओढावा तसा आवाज झाला. उतरून वरवर बघितलं. पाण्याच्या वर काही दिसलं नाही, पाण्याखाली मी हात घातला नाही. कुणाला सांगितलंही नाही, कारण तौनो बोलला असता.

सकाळी मी पहिला आलो. बारीक गार पाऊस होता. डावा फ्लोट धक्क्याला लागून होता, त्याचे सगळे कप्पे मी उपसले. उजव्यासाठी विमान फिरवून घ्यावं लागतं, दोर सोडा, ढकला, परत बांधा. आतून कॉफीचा वास येत होता. मी म्हटलं, घोटभर पिऊन येतो आणि मग उजवा करतो. आणि पंप टांगला. कुठल्या खिळ्यावर, ते हातानं ठरवलं, मी नाही. रोजची सवय. उजव्यावर टांगला.

कॉफी पिताना मला कळलं होतं, ताई. विसरलो असं म्हणता आलं असतं तर मी केव्हाच सांगितलं असतं. मला आठवत होतं. पाऊस वाढला होता आणि मी दुसरा कप ओतला.

डेल बाहेर गेला, मी मागोमाग गेलो. त्यानं पंपाला बोट लावलं, आपण सगळे लावायचो तसं, आणि मला विचारलं, "झालंय ना, मामा?"

मी म्हटलं, "खिळा बघ की."

हो म्हणालो नाही. इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो, की हो म्हणालो नाही.

त्यानं लाकडं इथं आणली, उतरवली. तोवर उजव्या फ्लोटमध्ये किती पाणी शिरलं होतं देव जाणे. अशा विमानाला पाणी सोडत नाही. चारशे फूट त्यात गेले. पुढचं तुला माहीत आहे.

चौकशीला आलेल्या माणसानं मला विचारलं होतं, विमान कुणी तयार केलं? मी म्हटलं, मी. सगळं नीट होतं? मी म्हटलं, नेहमीसारखं. फ्लोट फाटून गेला होता, त्यात बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यानं लिहिलं, तळं लहान, वैमानिकाचा अंदाज चुकला. आणि त्या संध्याकाळी तू स्वयंपाकघरात तौनोला म्हणालीस, "तू मारलंस माझ्या पोराला." मग माझ्याकडे वळून म्हणालीस, "बोल ना रे, खरं की नाही?" मी होकारार्थी मान हलवली. तौनोनं ती मान हललेली पाहिली. तू बॅग भरलीस तेव्हा ती गाडीत मी ठेवली.

आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. तू मला वाढवलंस. मला तुझी भीती वाटली ताई, तू मला टाकशील याची. तौनोचं काय होईल ते मला दिसत होतं, तरी मी त्याला पुढं केलं. तुझा नवरा गेला, तुझं घर गेलं, आणि आता पोराच्या शेजारची मातीही तू सोडायला निघालीस, तेव्हा कुठं मला जाग आली. मला याची लाज वाटते. त्याहून मोठा शब्द माझ्याकडे नाही.

बुधवारी हे सगळं मी तौनोला धक्क्यावर उभा राहून सांगितलं. त्याच्या पंपाकडे बघत सांगितलं, त्याच्याकडे बघवलं नाही. तो वळला. आत गेला. मी मागून गेलो, तर तो स्टोव्हमागच्या भिंतीसमोर उभा होता. बोटानं एकेक ओळ खाली जात होता. मग स्टुलावर बसला.

"मग गणित जमतं," तो म्हणाला.

बस, एवढंच. दुपारभर तो लाकडं फोडत होता. संध्याकाळी, शनिवार नसताना, सौना तापवला. मी टॉवेल घेऊन पायरीवर बसलो. तो आत गेला, दार लावलं, बऱ्याच वेळानं बाहेर आला आणि माझ्या शेजारून घरात गेला. बोलावलं नाही. तापलेल्या सौनाबाहेर पाहुण्याला बसवून ठेवलेलं मी आपल्या लोकांत आजवर ऐकलेलं नाही. त्यानं मला मारलं असतं तर सोपं गेलं असतं.

काल सकाळी त्यानं पंप आणून माझ्या हातात दिला. "मार. मोजून. मोठ्यानं."

मी डावा फ्लोट उपसला. दोर सोडून विमान फिरवलं, बांधलं, उजवा उपसला. प्रत्येक कप्पा, प्रत्येक दट्टा मोठ्यानं मोजला. तो धक्क्यावर उभा राहून ऐकत होता. शेवटच्या कप्प्याला माझा आवाज फुटला तेव्हा म्हणाला, "नीट मोज." मी पुन्हा मोजलं. मग पंप टांगला.

"आता तिला लिही," तो म्हणाला. "पत्र मी टाकणार, तू नाही. ते पेटीत पडलं की तुला उडायची परवानगी."

"वारा नसला तर?"

"शेपटीला दोर लावून त्या बर्चच्या झाडाला बांधू. तू इंजिन पूर्ण सोड. मी होडीनं पाणी ढवळून ठेवतो आणि परत येऊन दोर कुऱ्हाडीनं तोडतो. पूर्वेकडून जाशील."

"पूर्वेकडून?"

"दोन हजार चाळीस फूट आहे," तो म्हणाला. "रिकामं विमान जातं. मला बघायचंय."

म्हणून काल दिवसभर लिहीत होतो. चार कागद फाडले. आज पहाटे उठून पाणी पुन्हा उपसलं आणि हे लिहायला घेतलं.

आणि आता ऐक, गंमत नाही. हे लिहिता लिहिता वारा सुटलाय. पश्चिमेचा, चांगला भरघोस. टेबलावरचा कागद हातानं धरून ठेवावा लागतोय. आठ दिवस ज्याची वाट पाहिली तो हाच. आता दोर नको, कुऱ्हाड नको, कड्यावरून सहज निघून जाईन. तौनो मागे रानात ब्लूबेरीला गेलाय, त्याची होडी काठावर पालथी आहे. विमान धक्क्याला एका गाठीनं बांधलंय आणि ती गाठ मला डोळे मिटून सुटते. पत्र खिशात घालून निघालो तर मला कोण अडवणार? घरी जाऊन सावकाश टाकीन म्हणेन. मी स्वतःला ओळखतो. टाकणार नाही.

म्हणून मी उठलेलो नाही. विमान दोराला हिसके देतंय आणि मी बघतोय. तौनोच्या शिट्टीचा आवाज येतोय, डबा भरला वाटतं. तो आला की हे पाकीट चिकटवून त्याच्या हातात देतो. तो चार मैल जाईल, चार मैल येईल. तोवर वारा राहिला तर पश्चिमेनं जाईन. नाही राहिला तर तो म्हणेल तिकडून.

चर्चचा कागद सही न करता परत पाठवतोय. सगळं वाचून तूच ठरव. तौनोला तुझा पत्ता पाठ आहे, त्यानं पाकिटावर न विचारता लिहिला. माझ्यासाठी काही लिहायचं नसेल तर नको लिहूस. त्याला मात्र दोन ओळी पाठव. साखर कमी केली की नाही, एवढंच लिहिलंस तरी चालेल.

पंप उजव्या खिळ्यावर आहे. दोन्ही फ्लोट, सगळे कप्पे.

डेलचा मामा,
रेइनो